आवलीची चढण

देहूजवळच्या भंडारा डोंगरावर तुकोबा एकांतासाठी जाऊन बसत, हे महाराष्ट्रातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. त्याच डोंगरावर त्यांची बायको जिजाई, लोकांच्या तोंडातली आवली, भाकरी बांधून चढत असे, हेही परंपरा सांगते. नवरा कोणत्या झाडाखाली, कोणत्या कपारीत बसला असेल ते शोधायचं, त्याला जेवू घालायचं आणि उतरून घरचं राहिलेलं आवरायचं. चढताना एकदा तिच्या पायात काटा रुतला आणि तो साक्षात पांडुरंगाने काढला, ही कथा कीर्तनकार अजून सांगतात आणि समोर बसलेल्या बायका पदराने डोळे पुसतात.

मी ही कथा लहानपणापासून ऐकत आले. वय वाढत गेलं तसा तिच्यातला एकच प्रश्न माझ्यापाशी उरला. डोंगर तोच, उंची तीच, चढणारी माणसं दोन. एकाच्या चढण्याला आपण साधना म्हटलं. दुसरीचं चढणं स्वयंपाकाचाच पुढचा भाग समजलं गेलं. आवली कधी भाकरी न घेता, नुसता वारा खायला त्या डोंगरावर गेली असेल का? गेली असती तर तिला काय काय ऐकावं लागलं असतं?

निगडी देहूपासून लांब नाही. मी निगडीत राहते, यमुनानगरच्या बाजूला, दुर्गा टेकडीपासून पायी जाण्याच्या अंतरावर. लग्न होऊन आले तेव्हापासून पाहते आहे की पिंपरीपासून चाकणपर्यंतचा हा सगळा पट्टा हालचालीवर उभा आहे. यंत्रं फिरतात, कंटेनर धावतात, तिन्ही शिफ्टच्या बस माणसं उचलतात आणि सोडतात. एवढ्या हालचालीत माणसाने स्वतःच्या शरीरासाठी करायची हालचाल कुठे बसवायची, हे मात्र घराघरांत रोज नव्याने ठरवावं लागतं, कधी बोलून, कधी भांडून, बहुतेक वेळा गप्प बसून. नोकरी आहे, घर आहे, गावाकडची नाती आहेत, लोक काय म्हणतील ही धास्ती आहे. या सगळ्यांची बाजू घेणारे पुष्कळ आहेत. मला इथे शरीराची बाजू घ्यायची आहे.

माझे सासरे माण तालुक्यातून इथे आले. तिकडे पाऊस नव्हता, इकडे कारखाने होते. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात एमआयडीसी आली, आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को आली. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांची मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. सासरे सांगत, शिफ्ट सुटली की जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर सायकलींचा लोंढा लागायचा. हँडलला डबा, कॅरिअरला भाजीची पिशवी. व्यायाम म्हणून सायकल कोणी चालवत नव्हतं, दुसरं वाहनच परवडत नव्हतं. तरी सकाळ-संध्याकाळ पायांना काम मिळे आणि त्यासाठी घरात कोणाला काही विचारावं लागत नसे.

मग इथेच तयार होणारी वाहनं इथल्या घरांत आली. बजाजची चेतक १९७२ साली निघाली. आमच्याकडे स्कूटर आली त्या दिवशी हार घातला, नारळ फोडला, चाळीत पेढे वाटले. सायकल जिन्याखाली गेली. पुढे कंपनीची बस कोपऱ्यापर्यंत यायला लागली, मग हप्त्याची गाडी आली, २०२२ च्या मार्चमध्ये मेट्रोही धावली. यातली प्रत्येक गोष्ट आम्हाला हवी होती. दुष्काळातून आलेल्या माणसाला पायपिटीचं कौतुक कोणी सांगू नये. पण तेव्हापासून एक फरक पडला. चालणं गरजेचं होतं तोवर ते आपोआप होत होतं. ते मर्जीवर आलं, तेव्हा त्याला वेळ लागू लागला, मोकळीक लागू लागली आणि घरातल्या चार माणसांची संमतीही लागू लागली. ज्यांच्याकडे या गोष्टी होत्या ते चालत राहिले. ज्यांच्याकडे नव्हत्या त्यांचं चालणं बंद पडलं.

हे बंद पडणं आता मोजलंही गेलं आहे. जून २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये जगभराचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भारताबद्दल लिहिलं होतं की २००० साली पुरेशी हालचाल न करणाऱ्या प्रौढांचं प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होतं, ते २०२२ मध्ये ४९ टक्क्यांवर गेलं. पुरेशी म्हणजे फार नव्हे. आठवड्याला १५० मिनिटं जरा झपझप चालण्याइतके श्रम, म्हणजे रोजची वीस-बावीस मिनिटं. पुरुषांमध्ये ४२ टक्के लोक तेवढंही करत नाहीत आणि बायकांमध्ये ५७ टक्के. या मोजणीत नोकरीतले आणि घरातले श्रमही धरलेले असतात. तरीही ५७.

शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहिला की मन अस्वस्थ होतं. केंद्र सरकारने २०१९ मध्ये वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. घरातल्या माणसांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोजचा सरासरी वेळ निघाला २९९ मिनिटं, म्हणजे जवळजवळ पाच तास. असं काम करणाऱ्या पुरुषांचा निघाला ९७ मिनिटं. पाच तास राबणारी बाई आरोग्याच्या वहीत ‘हालचाल अपुरी’ म्हणून नोंदली जाते, हे ऐकून कोणालाही राग येईल. मलाही आला. पण आमच्या इमारतीतल्या कोणत्याही स्वयंपाकघरात तासभर उभं राहिलं की दोन्ही गोष्टी खऱ्या असल्याचं दिसतं. पाणी नळाला आलं, धुणं मशीनमध्ये गेलं, दळण दारात येतं. ओझी कमी झाली, हे चांगलंच झालं. उरलं ते ओट्यापाशी उभं राहणं, वाकून केर काढणं, या खोलीतून त्या खोलीत जाणं, आणि सगळ्यांचं सगळं लक्षात ठेवणं. कंबर भरून येते, पोटऱ्या दुखतात, डोकं शिणतं. छाती मात्र एकदाही जोराने भरत नाही. घरातली बाई दिवसाच्या शेवटी दमलेली असते आणि तिच्या हृदयाला दिवसभरात काही कामच मिळालेलं नसतं.

यावर घराघरांत एक वाक्य तयार असतं: “एवढं घरातलं काम आहे, तोच व्यायाम नाही का?” हे वाक्य मी आईकडून ऐकलं, सासूबाईंकडून ऐकलं, शाळेतल्या सहकारी बायकांकडूनही ऐकलं. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं, त्यांनाही तेच सांगितलेलं असतं. पण ते पुरतं खरं नाही. डेन्मार्कमधले अँड्रियास होल्टरमन आणि त्यांचे सहकारी कामातले श्रम आणि मर्जीने केलेली हालचाल शरीराला सारखीच का, हा प्रश्न बरीच वर्षं तपासत आहेत. कोपनहेगनच्या एक लाखाहून अधिक प्रौढांचा त्यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. फुरसतीच्या वेळात जे लोक हालचाल करत, त्यांच्यात हृदयविकाराचा आणि मृत्यूचा धोका कमी दिसला. पोटापाण्याच्या कामात जे जास्त श्रम करत, त्यांच्यात तो उलट वाढलेला दिसला. कारणं अजून तपासली जात आहेत. पण फरक कशात असावा, हे राबणाऱ्या कोणालाही सांगता येईल. आपण आपल्या मर्जीने चालतो तेव्हा दम लागला की थांबतो, बरं वाटलं की वेग वाढवतो, आणि घरी येऊन विसावतो. कामात थांबायचं केव्हा ते दुसराच कोणीतरी ठरवतो, आणि विसावा मिळेलच असं नाही.

पुण्याजवळच्या गावांनी याचा एक पुरावा आधीच दिला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून सहा गावांतल्या गरोदर बायकांचा बारकाईने अभ्यास केला. त्यातून २००३ मध्ये पुढे आलेला एक निष्कर्ष असा, की गरोदरपणात शेतीची आणि घरची कष्टाची कामं ज्यांना जास्त पडली, त्यांची बाळं जन्मतः लहान भरली. विहिरीवरून पाणी आणणारी, खुरपणीला जाणारी ती बाई हालचाल करत नव्हती असं कोण म्हणेल? ती गरजेपेक्षा जास्त हलत होती. तिच्या हलण्यावर तिचा ताबा नव्हता. कोणी म्हणेल, मग शरीराला हलवून उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो दाखवणारा अभ्यास आमच्यासारख्या कामगारवस्तीला जवळचा वाटेल असा आहे. लंडनच्या दुमजली बसवर ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच पगारवर्गातले, एकाच वस्तीतून येणारे. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर जिने चढउतार करणारा. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ मध्ये दाखवून दिलं की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. पीएमपीच्या बसमध्ये गर्दीतून वाट काढणारा कंडक्टर पाहिला की मला हे आठवतं. शरीराला हालचाल हवीच आहे. तिच्यासोबत त्याला विसावा आणि स्वतःचा अधिकार हवा आहे.

या पट्ट्यात बायका आता घराबाहेरही मोठ्या संख्येने राबतात. १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत मुलींनी अर्ज करू नये असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी नावाच्या मुलीने थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं, आणि पुण्याच्या कारखान्यात पहिली महिला अभियंता म्हणून त्या रुजू झाल्या. पुढे त्या सुधा मूर्ती म्हणून सगळ्यांना माहीत झाल्या. आज त्याच कंपनीच्या इथल्या कारखान्यात हॅरियर आणि सफारी गाड्या जोडणारी लाईन संपूर्ण बायकांची आहे. मला याचा अभिमान वाटतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी चाकणच्या बाजूला एका कारखान्यात लाईनवर आहे, महाळुंग्यात भाड्याच्या खोलीत राहते. एकदा भेटली तेव्हा मी तिला विचारलं, “चालायला वगैरे जातेस का गं?” ती म्हणाली, “बाई, आठ तास उभीच असते. बसायला मिळालं तर तोच माझा व्यायाम.” मी पुढे काही सुचवलं नाही. ती खरं बोलत होती. तिच्या एकाच खांद्याला, एकाच मनगटाला दिवसभर तेच काम. कंपनीतून आल्यावर स्वयंपाक. आठवड्यातून एकदा गावी फोन, त्यात लग्नाचा विषय. अशा मुलीला आधी पाय पसरून बसायला जागा हवी, पुरती झोप हवी, लाईनवर काम आलटूनपालटून मिळायला हवं. त्यानंतरच चालण्याचा सल्ला तिच्यापर्यंत पोचेल. थकलेल्या माणसाला उत्साहाचे धडे देणं हाही एक दबावच आहे, आणि आपल्या आसपास तो खूप वाढला आहे.

पुरुष या ताणातून सुटले आहेत असं मला अजिबात वाटत नाही. घराचा हप्ता, मुलांच्या फिया, गावाकडच्या बहिणीचं लग्न, भावकीतला आहेर, हे सगळं ओव्हरटाइमवर चालतं. ओव्हरटाइम नाकारून मैदानावर जाणाऱ्या माणसाला घरचे आणि बाहेरचे दोघंही बेफिकीर समजतात. आपल्याकडे हे असं नेहमीच होतं असंही नाही. भोसरीसारखी गावं कुस्तीसाठी आणि कबड्डीसाठी नावाजलेली. घरात पोरगा तालमीत जायला लागला की त्याच्या खुराकाची जबाबदारी अख्खं घर उचलायचं. म्हशीचं दूध त्याच्या नावाने बाजूला निघायचं, त्याच्या झोपेच्या वेळी वाड्यात कोणी आवाज करायचं नाही, शेतावरचं त्याचं काम भाऊ करायचा. पहिलवान एकट्याच्या जिद्दीवर तयार होत नव्हता. त्याच्यामागे घराने वाटून घेतलेलं काम असायचं. लग्न झालं, संसार लागला की तेच घर त्याला म्हणायचं, “आता पुरे.” आणि त्याच्या बहिणीच्या नावाने दूध कधी बाजूला निघालंच नाही. तालमीच्या या रिवाजात मला दोन गोष्टी दिसतात. घराने मनावर घेतलं तर शरीरासाठी वेळ काढता येतो, ही पहिली. हा वेळ कोणाला द्यायचा हे आपण फार लवकर आणि फार अन्यायाने ठरवून टाकलं, ही दुसरी.

बायकांच्या चालण्याला आपल्या समाजाने कधी मनाई केली, असंही सरसकट म्हणता येत नाही. तुकोबांचे पुत्र नारायण महाराजांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. देहूहून निघालेली पालखी निगडीवरून येते आणि आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते. डोक्यावर तुळस घेतलेल्या साठी-सत्तरीच्या बायका त्या रस्त्याने झपाझप चालताना पाहिल्या की वाटतं, यांच्या पायांना कोणताही डोंगर लहान आहे. वर्षभर सूनबाईने गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ नये असं म्हणणारं घर वारीला निघालेल्या आजीच्या पाया पडतं. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये लता करे नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांना नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवे होते. सगळ्या महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतलं, २०२० मध्ये त्यांच्यावर चित्रपट आला आणि त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. मलाही त्या बाईंपुढे हात जोडावेसे वाटतात. पण मनात प्रश्न येतोच. दुसरी एखादी बाई केवळ धावायला आवडतं म्हणून तसंच लुगडं नेसून गावच्या रस्त्याने धावली असती, तर गावाने टाळ्या वाजवल्या असत्या का?

घराबाहेर पडायची तिसरी वाट डॉक्टरच्या चिठ्ठीची. आमच्या ओळखीत किती जणी अशा आहेत की चाळिशीपर्यंत त्यांना अर्धा तास मिळत नव्हता. मग रक्ताचा रिपोर्ट आला, साखर वाढलेली निघाली, डॉक्टरांनी औषधांच्या खाली ‘रोज चालणे’ असं लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशीपासून घर त्यांना स्वतःहून बाहेर पाठवू लागलं. नवरा बूट आणतो, मुलगा फोनमध्ये पावलं मोजणारं ॲप घालून देतो. म्हणजे वेळ होता. तो आजारपणाची वाट पाहत होता. देवासाठी चालता येतं, नवऱ्यासाठी धावता येतं, डॉक्टरच्या सांगण्यावरून फिरता येतं. स्वतःच्या आनंदासाठी, स्वतःच्या पायांना बरं वाटावं म्हणून बाहेर पडायचं म्हटलं की कारण पुरेसं ठरत नाही. मला जे काही म्हणायचं आहे ते एवढंच आहे: तेही कारण पुरेसं आहे.

आमच्या घरात हे मान्य व्हायला वेळ लागला. यजमान तेव्हा शिफ्टमध्ये होते. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, मुलांच्या शाळेला आणि माझ्या शाळेला रविवारी. गुरुवारी ते घरी आणि आम्ही तिघं बाहेर, रविवारी आम्ही घरी आणि ते कामावर. पाहुणे रविवारी येत. लग्नसराईत तर सुट्टीचा प्रत्येक दिवस कुठल्यातरी कार्यालयात जायचा, श्रावणात सत्यनारायण, मार्गशीर्षात हळदीकुंकू. यातलं काही टाळलं की माणूसघाणेपणाचा शिक्का बसतो, आणि परगावाहून आलेल्या आमच्यासारख्या माणसांना तो परवडत नाही, कारण अडीअडचणीला हीच माणसं धावून येतात. नात्यांचा ताण आणि नात्यांचा आधार एकाच दारातून घरात येतो. म्हणून ‘लोकांचा विचार करू नका’ हा सल्ला मला कधीच पटला नाही. लोकांना सोबत घेऊनच वाट काढावी लागते.

आमची वाट सासूबाईंनी काढली. एकदा मी पायांत बूट घालताना त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता काहीतरी ऐकावं लागणार. त्या म्हणाल्या, “गावाकडं पाण्याला जायचो तवा आम्ही पोरी रस्त्यानं गाणी म्हणायचो. हंडा जड व्हायचा, पर तेवढंच घराबाहेर असायचो.” त्यांच्या आयुष्यातलं चालणं सगळं ओझ्याखालचं होतं, आणि त्यातही त्यांनी स्वतःसाठी थोडा वेळ चोरून ठेवला होता. त्यांचे गुडघे तेव्हा गेलेले होते, टेकडी त्यांना चढता येत नव्हती. पण त्या दिवसापासून सकाळच्या पोळ्यांची कणीक त्या बसल्या बसल्या मळून ठेवू लागल्या. सेकंड शिफ्ट असेल त्या आठवड्यात मुलांचे डबे यजमान भरू लागले. सुरुवातीला भाजीत मीठ कमीजास्त व्हायचं, मुलं कुरकुरायची, आणि मग कुरकुर थांबली. मला जिद्द द्यायला कोणी आलं नाही, जिद्द माझ्यात होतीच. मला मळलेली कणीक हवी होती.

घराने दिलेल्या वेळेला शहराने जागा द्यायला हवी. निगडी-प्राधिकरणात ती बऱ्यापैकी आहे. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं आणि त्याने सेक्टर आखून रुंद रस्ते दिले. दुर्गा टेकडीवर पहाटे झाडांखालच्या वाटांनी सगळ्या वयाची माणसं दिसतात. पण मध्यरात्री कामावरून आलेला माणूस उठतो तोवर बहुतेक बागांची सकाळची वेळ संपत आलेली असते, आणि दुपारी फाटकाला कुलूप असतं. तीन शिफ्टच्या शहरात बागांनी एकाच शिफ्टचं वेळापत्रक का पाळावं? चाकणला तर याहून अवघड. तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावर कंटेनरच्या रांगांशेजारी पायी चालणाऱ्याला धड कडा सापडत नाही. तिथेच, एमआयडीसीच्या कारखान्यांच्या वर, भामचंद्र डोंगर आहे, तुकोबांच्या चिंतनाची आणखी एक जागा. खालच्या शेडमध्ये राज्याच्या कानाकोपऱ्यातून आलेली पोरं कामाला आहेत. खोल्यांमध्ये कॉट वाटून घेऊन झोपतात. त्यांच्यासाठी पदपथ, रस्त्यावरचा दिवा आणि एक उघडं मैदान या गोष्टी औषधाइतक्याच गरजेच्या आहेत. कारखान्यासाठी जमीन आखताना माणसाच्या पायांसाठीही पट्टी आखायला हवी होती. अजूनही आखता येईल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आपल्या जुन्या सूचनेतली एक अट काढून टाकली. पूर्वी सलग दहा मिनिटं केलेली हालचालच धरली जात असे. आता किती वेळ सलग याला महत्त्व नाही, थोडी थोडीही धरली जाते. संसारी माणसाला हा मोठाच दिलासा आहे. मेट्रोच्या स्टेशनवर सरकता जिना सोडून पायऱ्या चढणं, बस एक थांबा आधी सोडणं, लग्नाच्या हॉलमध्ये पंगत उठेपर्यंत बाहेर दोन फेऱ्या मारणं, भिशीच्या बायकांनी एकीच्या घरात बसण्याऐवजी बागेत भेटणं, हे सगळं शरीराच्या हिशेबात जमा होतं. मी ते करते आणि इतरांनाही सांगते. तरी मला भीती वाटते की या फटींवरच आपण समाधान मानू. दुसऱ्यांच्या वेळेच्या फटीतून मिळालेली हालचाल तब्येत राखते. स्वतःच्या नावावर असलेला वेळ माणसाला माणूस म्हणून उभं करतो. टेकडीवर जाताना माझ्या हातात पिशवी नसते, येताना भाजी आणायची नसते, कोणाला काही पोचवायचं नसतं. त्या अर्ध्या-पाऊण तासात मी कोणाची सून, कोणाची आई, कोणाची बाई नसते. श्वास वाढतो, घाम येतो, वर पोचल्यावर वारा लागतो आणि मला फार बरं वाटतं. हा आनंद मी इतकी वर्षं चढून मिळवला आहे. मला तो प्रत्येकीच्या, आणि प्रत्येकाच्याही, वाट्याला यायला हवा आहे.

म्हणून सांगणं आहे ते चालणाऱ्यांना नाही, त्यांच्या घरच्यांना आहे. आपल्या घरात कोणाला रोज स्वतःचा असा वेळ मिळतो आणि कोणाला मिळत नाही, हे एकदा मोकळेपणाने बोलून घ्या. ज्याला मिळत नाही त्याला प्रोत्साहन देऊ नका, त्याचं एक काम उचला. कणीक मळा, डबा भरा, आजोबांना चहा द्या, मुलाला बसपर्यंत सोडा. पाहुणे येणार असतील तर त्यांनाही सांगा की ती फिरायला गेली आहे, येईलच, तोवर तुमचा चहा मी टाकतो. ती का गेली, किती वेळ गेली, याचा खुलासा कोणाला देऊ नका. येत्या गुरुवारी भोसरीपासून निगडीपर्यंतचे कितीतरी कारखाने बंद असतील आणि कितीतरी पुरुष घरी असतील. त्या सकाळी घर कोण सांभाळणार आणि बाहेर कोण पडणार, हे बुधवारी रात्रीच ठरवून टाका.